दफेदारांची चंदावल

दफेदार कुणाच्या पुढं चालले, असं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. एरवी लग्नाची वरात असो, आठवडी बाजार असो की कुणाची मयत, हा माणूस आपला सगळ्यांच्या मागं. अंगात विटलेला खाकी कोट, हातात वेताची काठी, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि त्यांच्या मागं त्यांची बकरी, बेगम. तसं पाहिलं तर शेवटची ती बकरीच. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं, तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "गप बस. बकरी फौजेत न्हाई."

मी मानवतची. लग्न होऊन परभणीच्या वरच्या अंगाला, जिंतूरच्या वाटेवरच्या एका खेड्यात आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना त्या दिवसांची भांडणं पुन्हा उकरायची आहेत, त्यांना कळून माझा काही फायदा नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून मदारसाब दफेदारांचं घर. निजाम सरकारच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदाराच्या हुद्द्यावर नोकरी करून ते गावी येऊन राहिले होते. पहिल्या मोठ्या लढाईत मिसरपर्यंत, म्हणजे इजिप्तपर्यंत, जाऊन आलेले. त्यांना नावानं हाक मारणारी एकच, त्यांची बायको चांदबी, आणि तीही रागावली तरच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या त्यांना 'दफेदार' म्हणत आणि ते त्यांना 'भाबी'. दिवसातून एकदा तरी दोघांची खडाजंगी झाली नाही, तर दोघांनाही अन्न गोड लागत नसे.

दिवाळी सरली की घरात कापूस यायचा. दुपारच्याला आम्ही चार घरच्या बायका दफेदारांच्या अंगणात लिंबाखाली सरकी काढत बसायचो. दफेदार पलीकडं मोटेच्या चामड्याला टाके घालत बसलेले. हात चालायचे तशी जीभही चालायची. विषय एकच, जगातल्या थोर थोर फौजा. आता सरकी काढणाऱ्या बायकांना फौजांचं काय कौतुक? पण तो माणूस असं काही सांगायचा की बोटं थांबायची, आणि मग आत्याबाई ओरडायच्या.

इराणच्या कुण्या जुन्या बादशहाची म्हणे एक फौज होती, तिच्यातला माणूस कधी कमीच होत नसे. एक पडला की दुसरा त्या जागी उभा. दुश्मनाला वाटायचं, यांना मरणच नाही. आणखी कुठल्या डोंगरी मुलखातले शिपाई होते, त्यांची ढाल स्वतःसाठी नसायचीच, शेजारच्यासाठी असायची. आपले मराठ्यांचे स्वार तर शेतातून जाता जाता कणसं खुडायचे आणि घोड्यावरच हातानं चोळून खायचे. त्यांना स्वयंपाकाला थांबायला नको. आणि रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या, सुलतानाची एक पलटण होती, तिचं निशाण म्हणजे झेंडा नव्हे, तर जेवणाचं भलंमोठं पातेलं. लढाईत पातेलं गेलं की पलटणीची अब्रू गेली. सुलतानावर रुसले, की शिपाई ते पातेलं उपडं घालायचे, आणि सुलतान तिकडं महालात थरथर कापायचा.

हे ऐकल्यावर आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांशी भांडण काढून चुलीवरचं पातेलं उपडं घातलं. संध्याकाळी सासरे दफेदारांच्या दारात. "मदारसाब, बायांना असल्या गोष्टी सांगू नका बाबा. आमाला उपाशी मारता का?" दफेदार गंभीरपणानं म्हणाले, "पाटील, सुलतानाला जमलं न्हाई, तुमाला काय जमनार? माफी मागा आन जेवा." सासऱ्यांनी माफी मागितली की नाही ते मला ठाऊक नाही, पण जेवले खरे.

"पन समद्यात थोर पलटन कंची, दफेदार?" आत्याबाई हटकून विचारायच्या.

दफेदारांचं उत्तर ठरलेलं. "पिछाडीला कोन होतं ते कळल्याबिगर कसं सांगू, भाबी? पुढचे नाव काढतात. मागच्यांचं काय झालं, ते कुनी सांगतच न्हाई."

गावातली पोरं त्यांच्या अंगणात पाऊल टाकायची, तर आधी पहारा ओलांडावा लागे. काठी आडवी धरून दफेदार गरजायचे, "हुकमदार?" गोरा साहेब पहाऱ्यावर 'हू कम्स देअर' म्हणायचा, कोण येतंय तिकडं. त्याचं आपल्या शिपायांनी 'हुकमदार' केलेलं. त्यावर म्हणायचं 'फरेन', म्हणजे फ्रेंड, दोस्त. मग काठी बाजूला व्हायची आणि हातावर गूळ-शेंगदाणे पडायचे. आत्याबाईंचा भाचा नामदेव लहानपणी आमच्याकडंच असायचा. त्याचं 'फरेन' एवढं खणखणीत, की त्याला गूळ जास्त मिळायचा. आत्याबाईंना मात्र तो शब्द पटला नव्हता. त्या म्हणायच्या, "हुकूम करनाऱ्याला हुकमदार म्हनतात. हे तर उलटंच हाय." पण त्यांनाही तसं गरजायची हौस होतीच. मांजर दुधाजवळ गेलं की त्या 'हुकमदार?' म्हणायच्या.

माझी आणि दफेदारांची खरी ओळख एका जोडव्यानं झाली. नवी होते मी. जत्रेहून परतताना सगळी मंडळी भराभर पुढं, आमचे हे तर सगळ्यात पुढं. ह्यांचं चालणं म्हणजे पाठीमागं कुत्रं लागल्यासारखं. घरी आल्यावर बघते तर पायातलं चांदीचं जोडवं नाही. नव्या सुनेनं जोडवं हरवणं म्हणजे काय, ते बायकांनाच ठाऊक. मी तोंडात पदर कोंबून चुलीपुढं बसले. तेवढ्यात दारातून दफेदारांचा आवाज आला, "भाबी, सूनबाईला म्हनावं ज्वारीचा मूठभर दाना द्या बकरीला." मी दाणे घेऊन बाहेर गेले, तर बकरीच्या गळ्यातल्या दोरीला माझं जोडवं बांधलेलं. दफेदार दुसरीकडंच बघत होते. मी सोडून घेतलं. कुणाला काही कळलं नाही. "पिछाडीवाल्याला समद्यांचं सांडलेलं सापडतं, बेटी," एवढंच म्हणून ते गेले. माझे वडील मानवतला, अन् बापाची माया मला त्या दिवशी इथं भेटली.

त्यांचा एकच नियम होता, तो ह्यांना मुळीच मान्य नव्हता. बाजाराला निघताना ते सांगायचे, मागचा जेवढा चालंल तेवढंच पुढच्यानं चालायचं. हे चिडायचे. "मंग पोचायचं कवा?" म्हणायचे आणि टांगा टाकत दिसेनासे व्हायचे.

एका साली दफेदारांना हिवतापानं धरलं. चांदबी उशाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ट्रंक घेऊन आमच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "भाबी, मैं जारी. पूर्णा कू, बेटी के घर." तिचा जावई पूर्ण्याला रेल्वेत होता. आत्याबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. विचारल्यावर तिनं पदरात तोंड लपवून सांगितलं, की तापाच्या भरात नवरा एका बाईचं नाव घेतोय. 'चंदावल पीछे रह गई, चंदावल कू छोडके कैसा आऊं.' म्हणजे मिसरला कुणीतरी होती. "मैं इधर चांदबी, और इनके दिल में वो चंदावल. नाम भी मेरेच जैसा ढूंढे."

आत्याबाई उठल्या त्या तडक शेजारी. मी मागोमाग. दफेदार घोंगडी पांघरून बसले होते, ताप उतरला होता. आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "दफेदार, ही चंदावल कोन?"

 ते असे हसले, की खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं. फौज चालते तेव्हा अगदी शेवटची जी तुकडी असते, तिला चंदावल म्हणतात. आम्हा बायकांना समजावं म्हणून ते नेहमी पिछाडी म्हणायचे, एवढंच. चांदबी दाराआडून ऐकत होती. ती काही लगेच विश्वास ठेवीना.

मग त्यांचं हसू गेलं. सांगितलं ते असं. त्यांच्या घोडीचं नाव बेगम. मोठी मंद चालीची, म्हणून त्यांना कायम चंदावलीत ठेवलेलं. एकदा रेतीच्या मुलखात माघार घ्यावी लागली. मागची जखमी माणसं चालू शकेनात. दफेदारांना पुढं पाठवलं, सांगा म्हणावं, थांबा. ते पुढं गेले. पुढचे थांबले नाहीत. ते मागं आले, तर मागं कुणी नव्हतं. नुसती रेती होती.

"तवापासून मी पुढं जात न्हाई, भाबी," ते म्हणाले. चांदबीनं ट्रंक उचलून परत घरात नेली. पण पुढं कितीतरी वर्षं नवऱ्याला टोमणा मारायचा झाला, की ती म्हणायची, "जाव, तुम्हारी चंदावल बुलारी."

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात मुलूख पेटला. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. शेजारचं एक गाव जळालं, तेव्हा आमच्या गावानं ठरवलं की वऱ्हाडात निघून जायचं. निजामाची हद्द दोन दिवसांच्या वाटेवर. ठरलं तसं हेही ठरलं, की दफेदारांना सांगायचं नाही. एक जण म्हणाला, "कितीबी झालं तरी त्यो त्यांचा मानूस." आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्यो माझा शेजारी हाय," आणि स्वतः जाऊन सांगून आल्या.

पहाटे माणसं वेशीत जमली, तेव्हा दफेदार आधीच तिथं उभे होते. खाकी कोटावर पदक लावलेलं.  सगळे निघाले, आणि ते आपल्या जागेवर, शेवटी, चालायला लागले. आत्याबाईंचे गुडघे तोवर पार गेले होते, सासरे वारून दोन वर्षं झालेली. माझ्या कडेवर धाकटं पोर. गाड्या फुफाट्यात नजरेला येतील म्हणून नेल्या नव्हत्या, आडवाटेनं पायीच चाललो होतो. त्यामुळं आम्ही दोघी हळूहळू मागं पडत पडत दफेदारांजवळ आलो. पुढं हे होते. वाट ह्यांनाच ठाऊक, म्हणून सगळे ह्यांच्या मागं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई एका पळसाखाली बसल्या आणि म्हणाल्या, "बास. माझ्यानं होत न्हाई. तुमी जा."

दफेदार त्यांच्या शेजारी खाली बसले. "बसा भाबी. मी पन बसतो. आज कळंल ही फौज हाय का जत्रा." मग मला म्हणाले, "सूनबाई, पुढं जा. थांबा म्हनावं."

"तुमी का जात न्हाई?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"मी येकडाव गेलो होतो, बेटी. तू जा. आन पोरगं इथं ठिवून जा."

मी पोराला छातीशी धरलं. कसला माणूस हा, असंच वाटलं मला त्या वेळी. आत्याबाईंनी हात पुढं केले. मी पोर त्यांच्या मांडीवर दिलं आणि धावत सुटले. ह्यांना गाठलं. "थांबा" मी म्हणाले, तर हे म्हणाले, "थांबलं तर समदेच मरू." आणि पाऊल उचललं.

"पोरगं मागं हाय," मी म्हणाले. "तुमच्या आईच्या मांडीवर."

ह्यांचं पाऊल तिथंच थांबलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मागच्या वाटेकडं बघितलं, आणि कुणाच्या तरी डोक्यावरची बाज उतरवून घेतली. आई बाजेवर, बाज चौघांच्या खांद्यावर. पोर मागं का ठेवून घेतलं, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही परत आलो, तर पळसापाशी घोडे उभे होते. खांद्यावर बंदुका घेतलेली माणसं, आणि त्यांच्यापुढं काठी आडवी धरून दफेदार.  त्यांचं बोलणं आत्याबाईंनी नंतर सांगितलं. त्यांच्यातल्या एकानं विचारलं होतं, "ये लोगां कौन?" दफेदार म्हणाले, "मेरी पलटन है. मैं इसका सबसे पिच्छे का. मेरेकू हटाके जाना पडता." त्या माणसानं पदक बघितलं, पांढरी पडलेली मुळं दिसणारी लाल दाढी बघितली, मांडीवर पोर घेतलेली म्हातारी बघितली. काय मनात आलं असेल कोण जाणे. घोडे वळले.

हद्दीवर दफेदार थांबले. आमचे हे त्यांना चला म्हणाले, हात धरला. कधी नव्हे ते ह्यांचे डोळे भरले होते. दफेदार म्हणाले, "चांदबी मागं हाय. तुमची जनावरं मागं हाईत. मंग माझी जागा कुटं?" आणि एकटेच माघारी गेले.

पावसाळा सरता सरता दिल्लीची फौज आली आणि राज्य बदललं. आम्ही गावी परतलो. गोठ्यात जनावरं होती. गाय व्याली होती, आणि कालवडीचं नाव दफेदारांनी बेगम ठेवून टाकलं होतं, विचारायला कुणी नव्हतं म्हणून. आत्याबाई त्यावरून भांडल्या. मला वाटलं, चला, सगळं पहिल्यासारखं झालं.

झालं नाही. त्याच्या पुढचं सांगायला जीभ जड होते. आमच्या भागातली गावं ज्यांनी जाळली, त्यांना शोधायला कुणी गेलं नाही. लोकांनी जवळची, सोपी घरं शोधली. आजूबाजूच्या गावांत मुसलमानांची दारं फुटायला लागली. दफेदारांनी चांदबीला लेकीकडं पूर्ण्याला न्यायचं ठरवलं. परभणी शहर टाळून पिंगळीच्या ठेसनावर जायचं. ह्यांनी गाडी जुंपली, वर ट्रंक आणि चांदबी, मागं बकरी बांधलेली. दफेदार सवयीनं गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले.

आत्याबाई काठी टेकत आल्या. "दफेदार, पुढं व्हा."

"भाबी, माझी जागा..."

"आज तुमची जागा पुढं. मागं मी."

"तुमचे गुडघे, भाबी. लय लांब हाय."

"माझ्या गुडघ्याचं मी बघीन. मागचा चालंल तेवढंच पुढच्यानं चालायचं, तुमीच शिकिवलं ना? बघू जमतंय का तुमाला."

सरकी काढायला बसणाऱ्या आम्ही सगळ्या निघालो, कडेवर पोरं घेऊन. सगळ्यात शेवटी आत्याबाई. एका दिवसाच्या वाटेला आम्हाला दोन दिवस लागले. त्या माणसाला पुढं चालता येत नव्हतं हो. दर चार पावलांना वळून बघायचा, ठेचकाळायचा, पुन्हा चालायचा.

ओढ्याच्या उतारावर माणसं उभी होती. हातांत कुऱ्हाडी, काठ्या. मधोमध नामदेव. आता मोठा बाप्या झालेला, मिशा फुटलेल्या. दफेदार त्याच्यापुढं जाऊन थांबले. गाडी थांबली. 

एवढ्यात पार मागून आवाज आला, "हुकमदार?"

सगळ्यांनी वळून बघितलं. आत्याबाई येत होत्या. त्यांना तिथवर पोचायला किती वेळ लागला म्हणून सांगू. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. कुऱ्हाडीवाले उभे, दफेदार उभे, बैलसुद्धा उभे, आणि ती म्हातारी काही घाई करीना. जवळ आल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "हुकमदार?"

नामदेवची मान खाली गेली. "फरेन," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. गूळ खाताना मोठ्यानं म्हनायचास."

"फरेन, आत्या."

"मंग काठी बाजूला घे."

त्यानं घेतली. बाकीच्यांनीही वाट दिली. आम्ही ओढा ओलांडला, तर नामदेव मुकाट्यानं आत्याबाईंच्या मागं चालायला लागला. त्या थांबल्या. "माझ्या मागं न्हाई यायचं. मागं मी हाय. पुढं चल, दफेदारांच्या बाजूनं." तो गेला, आणि पिंगळीपर्यंत त्यांच्या बाजूनं चालला. पुढून कुणी आलं, तर आधी तो बोलायचा.

ठेसनावर गाडी आली. चांदबी चढली, ट्रंक चढली, बकरी कशीबशी कोंबली. दफेदार खालीच. अनोळखी बायामाणसांना "चढा, चढा" म्हणत बाजूला उभे. आत्याबाई फलाटावर बसकण मारून गुडघे चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "चढा आता. ही गाडी तुमचं ऐकायची न्हाई." तेव्हा ते त्यांच्यासमोर आले, ताठ उभे राहिले, आणि सलाम केला. साहेबाला करतात तसा, पुरा.  आत्याबाईंनी पदर सारखा केला.

चांदबी खिडकीतून बघत होती. रडत होती, तरी तिच्यानं राहवलं नाही.

"अच्छा," ती नवऱ्याला म्हणाली, "ये है क्या तुम्हारी चंदावल. इत्ते बरसां के बाद दिखाए."

त्यानंतर दफेदार आम्हाला दिसले नाहीत. माझ्या तेव्हाच्या मांडीवरच्या पोराला आज नातवंडं आहेत. गाडी सुटली तेव्हाचं मला आठवतं, ते दारात उभे होते. बाकी सगळी माणसं पूर्ण्याकडं तोंड करून होती. दफेदारांचं तोंड आमच्याकडं होतं.